जवाईबापूंचं प्रदर्शन

माणसाची ओळख म्हणजे त्याचे कपडे! कपडे बदला, सख्खी बायकोसुद्धा ओळखणार नाही. याच विषयावर भंडाऱ्याच्या प्रदर्शनासाठी मी स्वतःच्या फोटोंची मालिका काढणार होतो.

"काहीतरीच! मी तुमाले गोणपाटातबी ओळखीन," माझी बायको रीता म्हणाली.

पैज लागली. तिनं ओळखलं, तर माझा कॅमेरा कायमचा पेटीत!

माझ्या सासुरवाडीला, आसगावला धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, सुरू होती. रोवणीच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट घालतात आणि डोळे सोडून सारं तोंड दुपट्ट्यात गुंडाळतात. मला हेच हवं होतं! सासूबाईंचं लुगडं गुंडाळलं, शर्ट चढवला, तोंड बांधलं. आपोआप फोटो निघत राहतील असा कॅमेरा धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या झुडपात लपवला आणि चिखलभरल्या खाचरात उतरून, कमरेवर हात ठेवून कलात्मक उभा राहिलो.

"ओ बाई! फोटो काढाले आली का रोवाले?" बाहेरगावाहून आलेल्या बायांची म्होरकी शेवंताबाई कडाडली.

तोंड उघडलं की गावभर बोभाटा, आणि कॅमेरा गेला! मी नुसती मान हलवली.

"अगाई! मुकी हाय बिचारी!" तिनं माझ्या हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची जुडी कोंबली. "धर, रोव!"

रोवलं! अर्ध्या तासात माझी कंबर दुसऱ्याच कुणाची वाटू लागली. शेवंताबाईला मात्र माझा कळवळा आला.

"हाडापेरानं मजबूत हाय. आपला डोमा कधीचा बायको पाहून राहिला. विचारू का त्याले?"

"बोलत नाही ना? मंग तर डोमाचं नशीबच उघडलं!" दुसरी म्हणाली.

साऱ्या खदखदून हसल्या. दुपट्ट्याआड मीही हसलो.

दुपारी रीता भाकरी घेऊन आली. थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं, "घ्या बाई," म्हणाली आणि पुढे सरकली! जिंकलो! नाचावंसं वाटलं, पण पाय चिखलात रुतले होते.

तेवढ्यात ती थबकली. "ही ओळ कोणी रोवली?"

साऱ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ओळ चालत्या बैलानं मुतावं तशी गेली होती!

"मंग हे आमचेच हे! घरी खिळाबी सरळ ठोकता येत नाही यायले. काढा तो दुपट्टा!"

"बापा! जवाईबापू!" शेवंताबाई मटकन धुऱ्यावर बसली. "आता डोमाले काय सांगू?"

कॅमेरा पेटीत गेला. भंडाऱ्याचं प्रदर्शन हुकलं. आसगावातलं मात्र धान कापेपर्यंत चाललं! माझी ओळ हिरवीगार वाढली, आणि धुऱ्यावरून जाणारा प्रत्येक जण थांबून सोबतच्याला दाखवायचा, "हे पाह्य, हे जवाईबापूनं रोवलं!"