साळवेकाकांची पुढची चाकं

साळवेकाकांना मी आधी पायांवरून ओळखू लागले. नोएडातल्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले, त्या पहिल्याच शनिवारी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये एका निळ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात काळा. मी घाबरून गार्डला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, "कुछ नहीं मॅडम, साळवे अंकल हैं. शनिवार है ना." वरचा माणूस दिसायला त्यानंतर बरेच दिवस गेले.

पुढे मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. मला याद्या करायची सवय आहे, आणि माझ्या तक्रारींच्या यादीतून साळवेकाकांचं नाव कधी निघालं नाही. पार्किंगमध्ये तेल सांडणे. पार्किंगमध्ये खड्या आवाजात चर्चची गाणी म्हणणे. दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकून न विचारता निदान सांगणे. मी कागद घेऊन गेले की गाडीखालून उत्तर यायचं, "टेम्पररी आहे हो, सेक्रेटरीबाई."

त्यांचं सगळंच टेम्पररी. स्वयंपाकघरातला गळका नळ सायकलच्या ट्यूबने बांधलेला, टेम्पररी. हॉलमध्ये पडदा म्हणून लावलेली चादर, टेम्पररी. नगरहून दिल्लीला ते टेम्पररी पोस्टिंगवर आले आणि इथेच रिटायर झाले. मुलगी रिबेका कॅनडाला शिकायला गेली तीही टेम्पररीच. मग तिथे तिचं लग्न झालं, घर झालं, मूल झालं. इकडे काकू वारल्या. चादर तशीच राहिली.

कायमची अशी एकच वस्तू होती: ती निळी जपानी स्पोर्ट्स कार. तिचं इंजिन चारही चाकांना ताकद पुरवायचं, आणि काका जगाकडे त्याच हिशेबाने बघायचे. माझा नवरा फ्रंट-व्हील: "बिचारा पुढे राहून सगळं घर ओढतो." चेअरमन रिअर-व्हील: "मागून ढकलतो आणि वळणावर घसरतो." मी एकदा विचारलं, "आणि मी?"

"तुम्ही ऑल-व्हील. कधीच घसरणार नाही. मजाही कधी येणार नाही."

गेल्या दिवाळीनंतर ते स्वतःहून माझ्या दारात आले. मोजे दोन्ही काळे होते, तेव्हाच समजायला हवं होतं की काहीतरी गंभीर आहे.

"रिबू नाताळला येतेय," ते म्हणाले. "आणि जानेवारीत गाडीला पंधरा वर्षं होतात."

दिल्लीच्या आसपास पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं झाली की तिचं इथलं आयुष्य संपलं, हे मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. कॉलेजात असताना रिबूने हट्ट धरला होता: रेसवाले वळणावर गाडी मागून घसरवतात, तसं मला शिकवा. चारही चाकांना ताकद असलेली गाडी रस्ता धरून ठेवते, सहजी घसरत नाही. म्हणून ती म्हणाली होती, "पुढच्या चाकांची ताकद काढून टाका ना बाबा. टेम्पररी." काका म्हणाले होते, नंतर बघू. आता त्या 'नंतर'ची ही शेवटची संधी होती.

आमच्या मागे बिल्डरने अर्धवट सोडलेला रिकामा काँक्रीटचा रस्ता आहे. तो त्यांना एका सकाळपुरता हवा होता. मी यादी केली: परवानगी, नारिंगी कोन, अग्निशामक, दोन गार्ड, हेल्मेट. काकांनी यादी वाचली आणि ते म्हणाले, "पाहिलंत? ऑल-व्हील."

पुढच्या चाकांना ताकद नेणारे दोन शाफ्ट त्यांनी काढले. शाफ्टची बाहेरची वाटी मात्र चाकातच ठेवायची, नाहीतर बेअरिंग सुटतं, हे त्यांनी मला बजावून सांगितलं, जणू उद्या मीच ते करणार होते. काढलेले शाफ्ट काकूंच्या जुन्या शालीत गुंडाळून जेवणाच्या टेबलावर ठेवले. त्या दिवसांत काका सोफ्यावर बसून जेवत.

चाचणीच्या दिवशी अर्धी सोसायटी जमली. काकांनी हेल्मेट घातलं, क्रॉसची खूण केली आणि गिअर टाकला. इंजिन गरजलं. कुत्री पळाली. गाडी जागची हलली नाही. काका आणखी गरजले. गाडी ढिम्म. चेअरमन ओरडले, "साळवेजी, हँडब्रेक!"

हँडब्रेक नव्हता. पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलला लॉक लावायला काका विसरले होते. ते खाली उतरले, हेल्मेट काखेत धरून मला म्हणाले, "ताकद आळशी असते, सेक्रेटरीबाई. अडवणारं कुणी नसेल तिकडेच सगळी जाते. पुढे आता काही जोडलेलंच नाही, आणि सगळी तिकडेच चाललीय." हे सांगताना ते गाडीकडे बघत नव्हते.

लॉक लावल्यावर गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर मागून अशी सुरेख घसरली की चेअरमननी टाळ्या वाजवल्या.

रिबू आली ती नाताळच्या आदल्या दिवशी, धुक्यामुळे विमानाला उशीर होऊन, कडेवर झोपलेलं मूल घेऊन. संध्याकाळी मी केक द्यायला गेले. शाफ्ट टेबलावरून दिवाणाखाली गेले होते. काका नुसते गालातल्या गालात हसत होते. सांगण्याची वेळ जवळ आली होती.

"बाबा, ती गाडी अजून आहे?" रिबूने विचारलं. "मी तर आता हळूच चालवते. मागच्या हिवाळ्यात बर्फावर गाडी घसरली. बाळ मागच्या सीटवर. गोल फिरून खांबापाशी थांबली. काही झालं नाही, पण आता गाडी जरा घसरली तरी मी घाबरून कडेला थांबते." मग माझ्याकडे वळून हसत म्हणाली, "आणि कॉलेजात मला घसरवायला शिकायचं होतं! वेडी होते ना, बाबा?"

"लहान होतीस," काका म्हणाले. आणि तिच्या ताटलीत केकचा मोठा तुकडा ठेवला.

नाताळच्या सकाळी मी दूध घेऊन येत होते. काका चर्चला असायला हवे होते. गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते, आणि गाणं नव्हतं. शेजारी काकूंची शाल उलगडून पडली होती.

"साळवेकाका, आज?"

"तिला अकरा वाजता चर्चला न्यायचंय. धुकं आहे, रस्ता ओला आहे," पाय म्हणाले. "चारही लागतील."

ती चार दिवसांनी गेली. तिला विमानतळावर सोडून काका परत आले तेव्हा मी गेटवर ते नारिंगी कोन मोजून परत घेत होते. मी विचारलं, "तिला सांगितलंत?"

"ती म्हणाली, बाबा, तुमच्या गाडीत मला कधीच भीती वाटली नाही." काकांनी चष्मा पुसला. "आता यावर काय सांगणार? ते जाऊ द्या. टेम्पररी होतं."

जानेवारीत गाडी कोल्हापूरच्या एका माणसाने नेली. पार्किंगच्या जागेसाठी आमच्याकडे प्रतीक्षायादी आहे आणि पहिला नंबर चेअरमनच्या जावयाचा आहे. तो रोज विचारतो. पण शनिवारी साळवेकाका त्या रिकाम्या जागेवर सतरंजी टाकून बसतात, पाने-स्क्रूड्रायव्हर पुसतात आणि परत पेटीत लावतात. एक मोजा तपकिरी, एक काळा.

मी त्या जागेपुढे साळवे हेच नाव ठेवलं आहे. जावयाने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, टेम्पररी आहे.