टाटा, लेलँड आणि तळ्यातला गाळ

"तुमची लेलँड बरी, का माह्या मामाची टाटा?"

पंचफुलानं विचारलं आणि ओसरीवर एका पाहुण्याच्या दाताखाली फुटलेला पोह्यांतला शेंगदाणा चुलीपर्यंत ऐकू गेला.

तसं पाहिलं तर चूक पाहुण्यांचीच होती. मुलगी पाहून झाली, नाव विचारून झालं, भाकर गोल येते का, शिवणकाम येतं का, हेही झालं. मग पाहुण्यांतला थोरला माणूस पानाला चुना लावता लावता म्हणतो, "बाई, तुले काही विचारायचं असन तं विचार." हे आपलं म्हणायचं असतं म्हणून म्हणायचं. मुलीनं मान हलवायची, पाया पडायचं आणि आत जायचं. आजवर त्या गावात कुणी पोरीनं खरोखर काही विचारलं नव्हतं.

पण कवाडाआड तिच्या मैत्रिणी बेबी आणि शालू दडून बसल्या होत्या. "पोराले एक प्रश्न विचारून दाखव, आठ दिवस तुह्या घरचं पानी आमी भरू," अशी त्यांची पैज. आणि पंचफुला नुकतीच नववीत वर्गात दुसरी आली होती. त्या दिवसांत तिला कुणी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तर तिनं एवढंच विचारलं असतं, की कोणत्या.

शिवाय तिचा आतला डाव वेगळाच होता. लग्न याच जेठात उरकायचं घरात घाटत होतं आणि शाळा जूनमध्ये उघडणार होती. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली होती. सरकारनं ते एक वर्ष खास आपल्यासाठीच कमी केलं, अशी तिची खात्री होती. असल्या आगाऊ प्रश्नानं पाहुणे चिडून उठले, की दहावी वाचली!

प्रश्न होता नवऱ्या मुलाला, सुखदेवला. त्याचे कान लाल झाले. त्यानं तोंड उघडलं, पण उत्तर त्याच्या बापानं दिलं.

"लेलँड!" उकंडराव गरजले. शिरपूरहून ते सगळ्या सोयऱ्यांना आपल्या लेलँड ट्रकच्या मागच्या हौद्यात भरूनच आले होते. "हे काय विचारनं झालं पोरी? पाऊस वरतून पडते का खालून, असं विचारल्यासारखं झालं!"

पंचफुलाच्या मामानं, पुंजाजीनं, पोह्यांची बशी खाली ठेवली. मुलीच्या मामानं अशा वेळी गरीब गाईसारखं बसायचं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तो बसलाही होता. पण कारंज्याच्या बाजारातून माल वाहणारी त्याची टाटा दारातल्या कडुनिंबाखाली उभी होती.

"सोयरे," तो हळूच म्हणाला, "मानपानाचं बोला, आहेराचं बोला, सगळं मान्य. पन गाडीचं बोलू नोका."

"काहून?"

"काहून का ते दारातच उभी हाय. तिले ऐकू जाते."

"जाऊ द्या ऐकू! आमची लेलँड चढावर आली का चढच खाली बसते, हेबी ऐकू द्या तिले!"

"आधी टाटा-मर्सिडीज म्हनत, आता नावातून मर्सिडीज गेलं, पन जोर नाई गेला! भरली गाडी घेऊन जातो मी, अन् क्लिनर मांगं झोपलेला असते. त्याले गाव आलं तरी समजत नाई!"

"झोपनारच! लेलँडवर कामाले असता तं जागा राह्यला असता, इंजिनाचा आवाज ऐकाले!"

पंचफुलाचे वडील रंगराव दोघांच्या मधे हात जोडून उभे. "अहो, पोहे निवून राह्यले!" पण पोह्यांकडे आता कोण पाहतं?

"चाला, पळवून दाखवा," मामा म्हणाला.

"रिकामी गाडी पळवन्यात काय मर्दुमकी हाय? रिकामा तं मानूसबी पळते. वजन टाका, मंग बोला! हाय का तुमच्या इथं काही वजनदार?"

आणि इथं पंचफुलाची जीभ दुसऱ्यांदा सुटली. "तळ्यातला गाळ हाय न!"

वावरामागचं तळं वैशाखात आटलं होतं आणि तळाला लोण्यासारखा काळाभोर गाळ उघडा पडला होता. रंगरावांची भाजीपाल्याची जमीन हलकी होत चालली होती. मागल्या साली वांगी बोरांशी स्पर्धा करत होती. पावसाआधी गाळ टाकायलाच हवा होता. बैलगाडीनं एकेक खेप आणून बैल टेकीला आले, घरातली माणसं टेकीला आली, तरी वावराचा एक कोपरा झाकला नव्हता.

"नाई नाई, पावन्यायनं गाळ वाहाचा? लोकं काय म्हनतीन!" असं म्हणत रंगरावांनी घमेली, टोपली आणि फावडी, सगळं भराभर बाहेर आणलं.

तळ्यावर दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. शिरपूरचे सोयरे लेलँड भरू लागले, गावचे लोक टाटा. भरून झालं की गाडी काठ चढून वावरात जायची, मागचा फाळका पडायचा, ढीग ओतला जायचा. ज्याचा ढीग मोठा, त्याची गाडी भारी, असं ठरलं होतं. पण काटा कुठं होता? डोळ्यांनीच ठरवायचं.

"आमचा ढीग उंच हाय!"

"उंच असन, पन आमचा रुंद हाय!"

"मंग होऊन जाऊ द्या अजून एक खेप!"

असं प्रत्येक खेपेला झालं. उकंडरावांचा कडक इस्त्रीचा सदरा गेला, धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालं. सुखदेवचे काका टोप्यांनी घाम पुसत होते. स्वतः सुखदेव मात्र गाडीपासून लांब उभा राहून घमेली पुढं देत होता. पंचफुलाची आई सीताबाई घागरीवर घागर पाणी पाजत होती आणि पुटपुटत होती, "पोरगी पाहाले आले होते व माय, हे काय पाहून राह्यले?"

काठाचा गाळ संपला तशा गाड्या तळ्याच्या मधे सरकल्या. मधला गाळ जास्त काळा, म्हणजे जास्त जड. पण जास्त ओलाही. पुंजाजीमामानं भरली टाटा आणखी पुढं दामटली आणि तिची मागची चाकं बुडली. उकंडराव हसतील म्हणून मामा डोळे मिटून बसला. उकंडराव हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं साखळी आणली, लेलँडला जोडली आणि टाटा बाहेर ओढली. मग, आपण कुठं उभे आहोत हे न पाहता, ऐटीत गाडी वळवली आणि लेलँड पोटापर्यंत बसली. मामानं तीच साखळी उलटी जोडली आणि लेलँड ओढून काढली.

दोघं काठावर बसले. तोंडं इतकी काळी, की कोण टाटावाला आणि कोण लेलँडवाला, हे फक्त मिशीवरून कळत होतं.

"गाडी चांगली हाय भाऊ तुमची," उकंडराव म्हणाले.

"तुमचीबी," मामा म्हणाला.

पंचफुलानं मनातल्या मनात हुश्श केलं. आता काळ्याठिक्कर धोतरांनी हे लोक चिडून निघणार! इतक्यात उकंडराव उठले आणि हात वर करून ओरडले, "पोरगी पसंत हाय!"

"आँ?" काठावर उभ्या बेबी आणि शालू एकदम म्हणाल्या.

"अहो, माह्या घरात आजलोक कोनी माह्या गाडीचं एका शब्दानं विचारलं नाई. हे पोट्टं तं गाडीत बसलं का ओकते! हे पोरगी घरात आली का मले बोलाले मानूस भेटीन. जेठात बार उडवून देऊ!"

पाहुणे चिखलानं माखूनच हौद्यात चढले. मामाची टाटा त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला मागोमाग गेली, हॉर्न वाजवत, जसं काही लग्न लागलंच.

दिवस कलला होता. रंगराव वावराच्या मधोमध उभे होते. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत काळे ढीगच ढीग. त्यांनी मूठभर गाळ उचलला, कुस्करला, नाकाशी नेला. त्यांचे डोळे भरून आले.

"सीता, दोन उन्हाळे गेले असते आपले एवढ्याले. मानसं नाई, देव आले होते."

"ते खरं हाय. पन पोरीची शाळा?"

"मलेबी वाटे, तिनं दहावी करावी," रंगराव खाली पाहत म्हणाले. "पन आता नाई कोन्या तोंडानं म्हनू? ज्यायनं वावर भरून देल्लं, त्याइले?"

पंचफुलाला ते ऐकू आलं. पाहुणे पळवायला विचारलेला प्रश्न वावरभर पसरला होता आणि त्याखाली तिची दहावी गाडली जात होती. रागवावं तर कुणावर? सोयरा म्हणून आलेला सुखदेवचा म्हातारा बाप डोक्यावर टोपलं घेऊन धावत होता, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्याबद्दल तिलाही भरूनच येत होतं. तिनंही मूठभर गाळ उचलला. थंडगार होता, अन् मऊ. एवढ्या चांगल्या मातीत काहीही उगवेल, तिला वाटलं.

आणि तिला सुचलं.

"बाबा, माय, मी ठरवलं हाय," ती दोन ढिगांच्या मधे उभी राहून म्हणाली. "गाळ वावरात पडला, तं उपकारबी वावरच फेडीन. पहिल्या तोड्याचे वांगे शिरपूरले उकंडकाकाच्या घरी. या साली, पुढल्या साली, दर साली. मी सोता नेऊन देईन, त्याइच्या पाया पडीन, अन् दिवसभर बसून गाड्यायच्या गोष्टी ऐकीन. सून नसली म्हनून बोलाले मानूस होता येत नाई का? पन जेठात माह्यं लग्न नाई. जेठात तुमी वांगे लावा. मी दहावीत जाते."