नाकासमोर घसरलेला रानडुक्कर

एका जंगलात, पोरांनो, गुडघाभर बर्फ पडायचा. कुठलं जंगल ते विचारू नका. ऐकायचं तर गप बसा.

तिथं दंताजी नावाचा रानडुक्कर राहायचा. घराणं नाकासमोर चालणारं. वाटेत झाड आलं तर झाड पडायचं, नाक वळायचं नाही.

दंताजीचं मन रुंजी डुकरिणीवर बसलं. रुंजीचा बाप मोठा तालेवार. म्हणाला, "देशोदेशीची जनावरं घसरायला येताहेत. पुरुषांच्या स्लालममध्ये पदक आण. मग पोरगी देतो."

स्लालम म्हणजे काय? पायांना फळ्या बांधायच्या आणि डोंगरावरून बर्फात घसरायचं. तेही सरळ नाही. वाटेत काठ्या रोवून दारं केलेली असतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक दारातून वळत वळत जायचं. एक चुकलं की बाद. धडधाकट नरांनी करायचा उद्योग आहे का हा? पण करतात.

आधी कोल्हा उतरला. जन्माचा वाकडा तो. प्रत्येक दारात शिरला, प्रत्येक दारातून निघाला. काय त्या टाळ्या!

मग दंताजीची पाळी.

"वळायचं हं!" खालून रुंजी ओरडली.

"वळायचं म्हणजे काय गं?" असं विचारेपर्यंत तो सुटलासुद्धा.

सुटला तो नाकासमोर. दारं डावीकडे राहिली, दारं उजवीकडे राहिली. गडी थेट पंचांच्या टेबलाखाली जाऊन थांबला.

"कोल्ह्यापेक्षा लवकर उतरलो की नाही?"

"बाद!" पंच अस्वल म्हणालं. "एकाही दारातून गेला नाहीस."

"कुणी बोलावलं नाही, तर दुसऱ्याच्या दारात शिरू कशाला?"

अस्वलानं कपाळावर हात मारला. पदक कोल्ह्याच्या गळ्यात पडलं. दंताजीचं थोबाड उतरलं.

रुंजीचा बाप पदकाकडे बघत म्हणाला, "जावई असावा तर असा. कोल्हा का असेना."

रुंजी फणकारली, "बाबा, त्या मेल्यानं एक दार सोडलं नाही! आणि आमचे हे एवढ्या दारांवरून आले, एकात डोकावले नाहीत. संसार मला करायचाय की तुम्हाला?"

बाप काही बोलणार होता. तेवढ्यात रुंजीच्या आईनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्यानं उभ्या उभ्या होकार दिला.

तात्पर्य: सरळ वाटेनं कधी जाऊ नये. पदक हुकतं आणि वर लग्न होतं.