दुर्पतामायची इचारपूस

दुर्पतामायनं मला वाचवलं. हे आधीच लिहून टाकतो, कारण मला लिहायची सवय नाही आणि काय झालं ते सांगण्याच्या नादात मुख्य माणूसच राहून जायचा. तसे आणखी दोघांचे आभार मानायचेत. एक अकोल्याहून आलेले सर्व्हेअर साहेब, दुसरा एक दुधी भोपळा. ते दोघं ओघानं येतीलच.

मी मूळचा बार्शीकडचा. आठवीत शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. गाद्या भरायचं काम शिकलो आणि कापूस जिथं पिकतो तिथंच जावं म्हणून इकडं वऱ्हाडात आलो. शेलूबाजारला हायवेच्या कडेला पत्र्याचे चार गाळे आहेत. त्यांच्या मागं भाजीचा मळा आणि मळ्यात विहीर. हे सगळं दुर्पतामायचं. तिसरा गाळा मी भाड्यानं घेतला.

पहिल्या सकाळी शटर उघडलं तर डोक्यावर धाडधाड आवाज. माकडं असतील म्हणून काठी घेऊन बाहेर आलो. वर पत्र्यावर साठी ओलांडलेली एक बाई लुगड्याचा काष्टा मारून उभी. एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्या हातात हातोडी, कमरेला मोबाईल खोचलेला. हीच दुर्पतामाय.

"काठी कायले आनली गा? मले हाकलतं का?"

"नाही... माकडं वाटली." घाबरलो की माझ्या तोंडून खरंच निघतं.

"वर ये. अन् येतानी टोपल्यातला दुधी घेऊन ये."

शिडी हलत होती. दुधी काखेत धरून मी कसाबसा वर पोचलो. पत्रे धरून ठेवणाऱ्या एका हुकावर ताजं डांबर लावलेलं होतं. मायनं मला त्याच्या शेजारी उभं केलं, दुधी छातीशी धरायला लावला आणि मोबाईल समोर धरला.

"हास ना जरासा. मयतीले आला का?"

मी हसायचा प्रयत्न केला. फोटो निघाला. त्यात माझं तोंड उघडं आहे आणि डाव्या कोपऱ्यात मायचा अंगठा.

"पण माय, दुधी कशाला?"

"मंग का रिकाम्या हातानं उभा राह्यतं?"

मायच्या तोंडी दुरुस्ती हा शब्द कधी आला नाही. ती इचारपूस करायची. बाजाराचा दिवस उलटला की दुसऱ्या दिवशी सकाळी ती शिडी लावून चारही गाळ्यांवर फिरणार. एकेका हुकावर हातोडी टेकवून कान देणार, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतो तसं. "हा बरा हाय," "हा बोंबलून राह्यला," असं स्वतःशीच चालायचं. बोंबलणारा हुक तिथल्या तिथं बदलायचा. हुकाखालचे रबरी वायसर ती पानसुपारीच्या चंचीत ठेवायची. चौथ्या गाळ्यातला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा भाडेकरू सांगतो, की केनवडच्या एका पाहुण्यानं एकदा सुपारी समजून वायसर बराच वेळ चघळला आणि शेवटी म्हणाला, "सुपारी लय जून हाय, माय."

"लोखंड मानसावानी असते," माय म्हणायची. "इचारलं तं टिकते."

ही इचारपूस फक्त स्वतःच्या गाळ्यांपुरती असती तर ठीक होतं. शिरपूरला एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. अक्षता पडायच्या होत्या आणि माय मांडवाच्या मागं खांबांच्या गाठी ओढून पाहत होती. एक गाठ सैल निघाली. तिनं नवरदेवाच्या मामाला बोलावलं, गाठ पुन्हा बांधायला लावली, मग त्याच्या हातात वांगं देऊन गाठीशेजारी उभं केलं. मामाला वाटलं ही इकडची काहीतरी रीत असेल. त्यानं वांग्याला हळदकुंकू लावलं.

हे फोटो जायचे पुण्याला. मायचा एकुलता मुलगा रमेश तिथं कंपनीत आहे. वडील गेल्यावर त्यानं सांगितलं होतं, गाळे पडायला आलेत, मळ्यासकट विकून टाक आणि मोकळी हो.

"थो म्हने पडकं झालं. म्हनून दाखोतो त्याले. सांग म्हना, कुठी पडलं? अन् मळा काय देऊन राह्यला थे बी पाह्य म्हना." म्हणून हातात भाजी. मेथीच्या दिवसांत मेथी, तुरीच्या दिवसांत शेंगा. मायलेकाचा हा खटला आम्हा भाडेकरूंच्या तोंडावर चालायचा आणि आम्ही सगळे मायचे साक्षीदार होतो.

मला ती आणखी एक सांगायची. "गादीवाल्या, कापसाचे गठ्ठे फरशीवर नको ठेऊ. फळ्या टाक खाली." मी "उद्या टाकतो" म्हणायचो.

पिंजण यंत्रासाठी बँकेचं कर्ज काढलं तेव्हा त्याच्याबरोबर दुकानाचा विमाही आला. एजंटनं जिथं पेन्सिलीनं फुली केली होती तिथं तिथं मी सह्या केल्या. आत काय लिहिलंय ते वाचलं नाही. छापील कागद पाहिला की मला आठवीचा निकाल आठवतो.

मग एप्रिल संपता संपता, ऐन लग्नसराईत, दुपारी वावधन आलं. वावधन म्हणजे इकडचं वादळ. आधी धूळ आली, मग झाडं वाकली, मग माझ्या डोक्यावरून मोठा फाटल्याचा आवाज झाला आणि दुकानात एकदम उजेड पडला. दोन पत्रे उडून मायच्या वांग्यात जाऊन पडले होते. मागून आलेल्या पावसानं लग्नांसाठी भरून ठेवलेल्या सगळ्या गाद्या आणि फरशीवरचे गठ्ठे भिजवले. भिजलेल्या कापसाचं वजन किती होतं ते मला त्या दिवशी कळलं. बायको आणि मी मिळून एक गादी उचलू शकलो नाही.

विम्याचे पैसे मिळाले तर पुन्हा कापूस घ्यायचा आणि लोकांच्या गाद्या द्यायच्या. नाही मिळाले तर शटर ओढून बार्शीला परत. तिसरा रस्ता नव्हता.

चार दिवसांनी सर्व्हेअर साहेब आले. बारीक आवाजाचे, अतिशय सभ्य. सभ्य माणसांची मला जास्त भीती वाटते.

"वादळ तुमच्या पॉलिसीत आहे," ते म्हणाले. "गंज नाही. देखभाल न केल्यामुळं झालेलं नुकसान कंपनी देत नाही. तेव्हा प्रश्न एवढाच, की पत्रे वाऱ्यानं उडाले का हुक गंजले होते म्हणून उडाले?"

"वाऱ्यानं, साहेब."

"ते सगळेच सांगतात. छपराचं काम शेवटचं कधी झालं? मिस्त्रीचं बिल असेल ना?"

"मिस्त्री नाही. मायच करते."

साहेबांनी मायकडं पाहिलं. तिच्या डोक्यावर भाजीचं टोपलं होतं. "तुमच्याकडं बिल आहे का, आजी?"

"कोनाचं? माह्यं मलेच बिल देऊ का?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते लिहिणं लांबत चाललं तसा मी मनातल्या मनात बार्शीच्या गाडीत बसलो. खिडकीची जागासुद्धा मिळाली होती. आणि तेवढ्यात माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "साहेब, दुधी!"

साहेबांनी पेन थांबवलं. त्यांना बहुतेक वाटलं, नुकसानीनं माझं डोकं फिरलं.

मी मायचा मोबाईल मागून घेतला आणि फोटो दाखवायला लागलो. मी आणि दुधी. मोटारवाला आणि मेथी. मी आणि तुरीच्या शेंगा. प्रत्येक फोटोत एक हुक, त्यावर ओलं डांबर, आणि कोपऱ्यात अंगठा.

साहेबांनी फोटो एकेक करून पाहिले. मग म्हणाले, "तारखा आहेत खऱ्या. पण फोनची तारीख बदलता येते. वर ऑफिसात हेच विचारतील."

माय बोलली. "तारीख बदलन. घाटे कसे बदलन?"

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. माझ्या हातात हरभऱ्याचे हिरवे घाटे होते.

"तुम्ही कुठले, साहेब?" मी भीत भीत विचारलं.

"इथलाच. रिसोडकडचा. घरी शेतीच आहे." मग ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले, "हिरवे घाटे, म्हणजे थंडी. इथं तुरीच्या शेंगा भरल्यात, त्याच्या जरा आधी. आणि ही कैरी... ही तर यंदाचीच." कैरीचा फोटो वावधनाच्या तीन आठवडे आधीचा होता. माझ्याच गाळ्याचा, पुढं वावधनात उडालेला कोपरा, चार नवे चकचकीत हुक, आणि मी नेहमीसारखा तोंड उघडून. "आणि हा अंगठा कोणाचा?"

"माह्या."

"चला. सही नसली तरी अंगठा आहे."

ते शिडीवरून वर गेले. चारही हुक जागच्या जागी होते, पत्राच भोकांपासून फाटून गेला होता. "लोखंड धरून बसलंय," ते वरून म्हणाले, आणि खाली यायला वळले तर समोर माय, हातात वांगं.

"धरा. अन् हासा ना जरासे, साहेब."

खाली आल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. "खालचे गठ्ठे सरळ फरशीवर का? फळ्या नव्हत्या?"

मी मायकडं पाहिलं. ती मला सांभाळून घेईल असं वाटलं होतं.

"मी सांगतलं व्हतं त्याले," माय म्हणाली. "आयकतच नाई."

खालचा थर दाव्यातून कापला गेला. बाकीचं पुढं मंजूर झालं. उशिरा झालं, पण झालं. दोन नवऱ्यामुली सोडल्या तर सगळ्यांच्या गाद्या वेळेवर गेल्या आणि त्या दोघींच्याही नंतर पोचल्या.

हे झालं विम्याचं. पण त्या दिवशी साहेब जाताना म्हणाले होते, फोटो माझ्या नंबरवर पाठवून द्या. मायला ते जमेना, म्हणून विहिरीजवळ बाजेवर बसून मी व्हॉट्सॲपवर एकेक फोटो रमेशच्या नावाखालून उचलून पुढं पाठवत होतो. माय शेजारी मेथी निवडत होती.

अगदी जुन्या फोटोंखाली दोन निळ्या टिका होत्या. मधेच रमेशचं "छान". मग "आई, रोज काय पाठवतेस?" मग "कामात आहे". त्यानंतर मात्र प्रत्येक फोटोखाली एकच टिक. पत्रा, हुक, पन्हळ, शिडी, मोटारवाला, मेथी, सगळ्यांखाली एकच. वर गोलात रमेशचा फोटो असायला हवा, तिथं नुसतं राखाडी डोकं. माझा दुधीचा पहिला फोटोही त्या एका टिकेतलाच होता. म्हणजे दोन वर्षं ज्याच्यासाठी मी भाजी धरून उभा होतो, त्यानं मला एकदाही पाहिलं नव्हतं.

माझं तोंड उघडं राहिलं असणार.

"एकच टिक हाय ना?" माय मेथीवरून मान वर न करता म्हणाली. "समजते मले. पयले तिथं त्याचं तोंड दिसे. एक दिवशी गेलं."

"मग पाठवतेस कशाला, माय?"

"मंग ठेवू कुठी?" तिनं एक जुडी बाजूला सारली. "पोचो का नाई पोचो, तारीख तं पडते. कदी आला आठवन होऊन, तं समदं एका जागी भेटन त्याले." मग माझ्याकडं पाहून, "तू काय बसून राह्यला गा? त्या मेथीले हात लाव."

मी मेथी निवडली. दुसऱ्या दिवशी दुकानात फळ्या टाकल्या. बाजार उलटल्यावर माय शिडी घेऊन आली, तेव्हा मी न सांगता टोपल्यातली गवार घेऊन वर गेलो. फोटो निघाला, पुण्याला गेला. एक टिक.

रमेशचा पत्ता मोटारवाल्याकडं आहे. पुण्याच्या रस्त्यांची मला भीती वाटते आणि तिथं जाऊन काय बोलायचं तेही सुचलेलं नाही. पण मायचं हे देणं माझ्यावर आहे आणि ते मी फेडणार. हातात थोडं काम जमलं की एक दिवस मायच्या मळ्यातला दुधी घेऊन गाडीत बसेन. रमेशला त्याच्याच दाराशी उभा करीन, दुधी हातात देईन आणि म्हणेन, हास ना जरासा, मयतीले आला का? कोपऱ्यात माझा अंगठा आला तर येऊ दे. फोटो मायला पाठवीन, आणि दोन टिका पडेपर्यंत त्याला तिथून हलू देणार नाही.