गफूरमिया आणि आटलेलं सिमेंट

आमच्या शेजारचे गफूरमिया रोज सकाळी चहाच्या आधी दहा-बारा बाटल्या कानाशी धरून हलवायचे आणि शिव्या द्यायचे. औषधाच्या रिकाम्या बाटल्या. त्यांत गळ्यापर्यंत कालवलेलं सिमेंट भरून त्या ओट्यावर ओळीनं मांडलेल्या. आठ-दहा दिवसांनी बाटली हलवली आणि आतला गठ्ठा खडखडला, की गफूरमिया ओरडत, "आटलं!" एखाद्या बाटलीची काच तडकलेली निघाली, की त्याहून मोठ्यानं, "फुगलं!" न आटणारं आणि न फुगणारं सिमेंट त्यांना हवं होतं. ते मिळत नव्हतं, आणि त्याची शिक्षा साऱ्या अनसिंग गावाला होती.

माणसांचीही त्यांनी हीच वाटणी केली होती. "माणूस आटते नाई तर फुगते, मास्तर. बरोबर बसणारा एक दाखवा." मी शाळामास्तर. मला त्यांनी आटणाऱ्यांत धरलं होतं, कारण गावच्या पाटलांसमोर माझा आवाज निघत नसे.

तरुणपणी ते ब्रह्मदेशात तेलाच्या विहिरींवर कामाला होते. जमिनीत खोल भोक पाडायचं, त्यात लोखंडी नळ सोडायचा आणि नळ नि जमीन यांच्या मधल्या जागेत सिमेंट भरायचं, हे त्यांचं काम. ते सिमेंट वाळताना केसभर जरी आटलं, तरी त्या फटीतून खालचा वायू वर चढतो. जपानची लढाई तिथवर आली तेव्हा जंगलातून पायी चालत ते परतले. इथे गवंडीकाम करू लागले, पण दुसऱ्या दिवशी कुणी कामावर बोलवत नसे. पहिल्याच दिवशी ते मालकाला त्याच्या घराच्या साऱ्या भेगा दाखवून त्याची अक्कल काढत.

त्या उन्हाळ्यात आमच्या आळीत सरकारी विहीर झाली. वरचा दहा-बारा हात भाग विटांनी बांधला आणि बांधकामामागची जागा ठेकेदारानं सिमेंट ओतून बुजवली. गफूरमिया काठावर उभे राहून त्याला ऐकवत होते, की एवढं पाणी घालून कालवलंस तर हे आटणार, आणि काळी जमीन उन्हानं तिकडून आटणार, मधे हातभर फट पडेल. ठेकेदार हसला. आम्हीही हसलो. नारळ फुटला, ठेकेदार गळ्यात हार घालून गेला, आणि विहिरीशेजारी बायका धुणी धुऊ लागल्या, म्हशी बसू लागल्या.

महिन्याभरात माझ्या वर्गातली पोरं जुलाबानं एकेक करून घरी बसू लागली. गफूरमियांनी माझ्या दारात येऊन बजावलं, की हे पाणी घरात घेऊ नका, गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचं आणा. माझी बायको पहिलटकरीण, सातवा महिना; गफूरमिया तिला सूनबाई म्हणत. जुनी विहीर लांब होती. मी हो हो म्हटलं आणि नव्या विहिरीचंच पाणी भरत राहिलो.

मग एका दुपारी गफूरमियांनी धुण्याच्या जागेवर, विहिरीच्या बाहेर, निळीच्या पुड्या कालवून ओतल्या. कुणाला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी पाटलांनी अंघोळीला घेतलेलं पाणी निळसर निघालं. त्यांचं धोतर, उपरणं, देवाची वस्त्रंही निळी झाली. गाव खवळलं. विहीर बाटवली म्हणून गफूरमियांना चावडीवर बोलावलं. दोघे-तिघे तर हात उगारून होते.

पाटलांनी विचारलं, नीळ विहिरीत टाकली का?

"विहिरीत नाई, बाहेर टाकली. आत तुमच्या ठेकेदाराच्या फटीनं गेली," गफूरमिया म्हणाले. "नीळ दिसली म्हणून तुमाले राग आला. त्याच वाटेनं महिनाभर म्हशीचं मूत येऊन राह्यलं, ते दिसलं नाई म्हणून गोड लागलं काय?"

मलाच कसं कोण जाणे, बळ आलं. मी उठून आजारी पोरांची नावं वाचली, एकवीस. एकविसावं नाव पाटलांच्या नातवाचं होतं. पाटील म्हणाले, करा काय करायचं ते.

नेमकी त्याच आठवड्यात एक बाटली ना खडखडली होती, ना तडकली होती. तिच्यात सिमेंटाबरोबर पुरता न विझलेला चुना होता, अगदी चिमूटभर. तो मागाहून जरासा फुगतो आणि आटलेली जागा भरून काढतो. गफूरमियांनी फट खरवडली, भर उन्हात तो माल ओतला आणि आठ दिवस त्यावर ओली पोती घातली. पाणी आणून देणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी शिव्या घातल्या, मलाही. विहीर दोनदा उपसून जंतू मारायचं लाल औषध टाकलं. धुण्याची जागा लांब हलवली. पुन्हा बाहेर नीळ ओतून पाहिली. आठ दिवस पाणी नितळ राहिलं.

गाव हार घेऊन आलं. गफूरमियांनी तो घेतलाच नाही, आधी ठेकेदाराच्या गळ्यात घातलेला परत मागा म्हणाले. सगळे गेल्यावर मी त्यांच्याजवळ काठावर बसलो. एवढा राग कशाला करता, असं विचारलं.

ते पाण्याकडे पाहत होते. मग हळू आवाजात सांगितलं, की जंगलातून परतताना बायको सोबत होती. पोटुशी. तिला तहान लागली, वाटेत एका ओसाड गावात विहीर दिसली.

"पाणी साफ दिसून राह्यलं होतं, मास्तर. मीच काढलं. मीच पाजलं. दुसऱ्या दिवशी तिले तिथंच मिट्टी दिली."

त्यांनी पोहऱ्यानं पाणी काढलं, ओंजळीनं पोटभर प्यायले आणि पंच्यानं तोंड पुसलं.

"दोन दिस मी पेतो. धड राह्यलो तर मग सूनबाईले द्या."

दोन दिवस आमच्या घरी जुन्या विहिरीचं पाणी आलं. लांब होती, पण आणलं. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. उघडलं तर गफूरमिया उभे. दाढी केलेली, धुतलेला सदरा, आणि चेहरा लालबुंद.

"अजून घागर काहून नाई निघाली तुमची?" ते ओरडले. "किती वाट पाहू मी?"