तानीचा बांध

पोशाकाका रस्ता तपासायला निघाले की आधी चपला काढून काखेत मारत. भर उन्हात, तापलेल्या डांबरावरून हा सहा फुटी माणूस इतक्या सावकाश चालत जाई, की बघणाऱ्याला वाटावं नवस फेडायला निघालाय. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाऊसाहेब, चप्पल घातल्याव रस्ता काय बोलल? खालून पोकल कुठं हाय ते पायालाच समजतं."

आणि समजायचंही. ते बोट दाखवतील तिथं आठ दिवसांत रस्ता खचलाच म्हणून समजा. ही ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. वाशीत आमचं रस्तेदुरुस्तीचं ऑफिस होतं. मी तिथं कारकून आणि पोशाकाका खड्डे बुजवणाऱ्या टोळीचे मुकादम. राहणारे घणसोली गावातले. त्यांचं शेत नव्या शहरासाठी गेलं आणि त्याच शेतावरून गेलेला रस्ता राखायची नोकरी त्यांना मिळाली.

अडचण एकच. ऑफिस शहर मोजत होतं सेक्टरांत आणि पोशाकाका शेतांत. संध्याकाळी माझ्या टेबलाशी उभं राहून ते रिपोर्ट सांगत, "लिवा. धाकल्याच्या शेतान दोन खड्डं. चिंचंखाली एक. तानीच्या बांधाव पाहनी केली." मी मुकाट्यानं लिहून घेई. मी पडलो साताऱ्याचा. मला सेक्टरही नवे आणि शेतंही नवी.

मग पुण्याहून नवे साहेब आले. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा धाकला कोण? उद्यापासून सेक्टरचा नंबर पाहिजे. नंबर!"

"त्यात काय! आकडं मना येतात," पोशाकाका म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी सात नंबरच्या सेक्टरला डांबराची गाडी घेऊन गेले. पण शेतं मोजायची ती खाडीकडून, कारण पाणी तिकडून येतं, हा त्यांच्या गावचा शिरस्ता. नकाशावरचे सेक्टर मोजलेले हमरस्त्याकडून. गाडी पोचली तिथं रस्ताच नव्हता. चुन्याच्या रेघा, चार खुंट्या आणि एक म्हैस. माघारी फिरेपर्यंत डांबर थंड.

साहेबांनी बोलावलं, तर काका त्यांनाच शिकवायला लागले. "साहेब, उलटं तुमी मोजलंय. भरती आली का पयला नंबर कोनाचा, इचारा खाडीला!"

साहेबांनी खाडीला काही विचारलं नाही. पुन्हा चूक झाली तर बदली थेट द्रोणागिरीला, उरणच्या बाजूला, असं लेखी बजावलं. एरवी कुणालाही भीक न घालणारा हा माणूस त्या दिवशी माझ्यासमोर येऊन नुसता बसून राहिला. "मना यो रस्ता सोरून जाता येनार नाय, भाऊसाहेब," एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं. पण बदलीचा एवढा धसका कशासाठी, ते काही कळेना.

दुसऱ्या दिवशी नकाशा घेऊन मी त्यांच्याबरोबर निघालो. ते शेताचं नाव सांगत, मी सेक्टरवर ते लिहीत जाई. म्हणजे यापुढे त्यांनी शेतं सांगावीत आणि आकडे मी घालावेत. काका पुन्हा रंगात आले. कुणाच्या शेतात किती भात पिके, कोण कुणाचं पाणी तोडी, सगळं ऐकत मी घामाघूम झालो. शेवटी तानीचा बांध आला. रिपोर्टात तो रोज असे. पाहतो तर रस्ता गुळगुळीत.

"काका, इथं एकही खड्डा नाही. रोज पाहणी कसली करता?"

ते थांबले. चपला काखेतून हातात घेतल्या.

"तानी म्हंजे बायको माजी. लावनीच्या दिसांन दुपारची भाकर घेऊन हितं बांधाव उभी रवायची. जमीन जायच्या आदल्या वर्साला ती गेली. फोटू नाय, काय नाय. तिची यवढीच जागा मना ठाव हाय." मग जरा ओशाळून म्हणाले, "चप्पल काढायची सवय हितंच लागली, भाऊसाहेब. रस्त्याचं कलाया लागलं ते मागून."

मी नकाशावर आकडा घातला. तेरा.

महिन्याभरानं साहेबांनी रिपोर्टावर बोट ठेवलं. "तेरा नंबरला खड्डा नाही, खर्च नाही. मग मुकादम तिथं रोज जातो कशाला?"

त्या नोकरीत साहेबांसमोर मी पहिल्यांदाच मान वर करून बोललो. "खाली जुना बांध आहे, साहेब. तिथं रोज जावं लागतं."

साहेबांनी सही केली.