तीन ठोक्यांचं संचलन

"बँड मोडणार? आपला बँड? अरे, तो मोडायला जो हात उठेल ना, तोच हात टाळ्या वाजवायला लागेल! लिहून ठेवा!"

बँडमास्तरांनी हे छावणीतल्या बँडच्या खोलीत खुर्चीवर चढून जाहीर केलं. कोणी लिहून ठेवलं नाही. वादक मंडळी खाली मान घालून आपापलं पितळ पुसत होती. बातमीच तशी होती. वार्षिक संचलन पाहायला मोठे साहेब येणार होते, आणि बँड ठेवायचा की मोडायचा, ते मैदानावरच सांगणार होते. पिपाण्या चकचकीत ठेवण्यात फौजेचा वेळ वाया जातो, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. बँड मोडला, की वादकांनी मिळेल त्या कामाला लागायचं. बँडमास्तरांना तर वाजवण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. वाजवणंसुद्धा येतं की नाही, याबद्दल रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना शंका यायची. पण खुर्चीवर चढल्यावर ती जायची.

"लढाई कशी जिंकतात?" त्यांनी विचारलं.

"बंदुकीनं," काडी म्हणाला. काडी म्हणजे मोठा ढोल वाजवणारा. इतका सडपातळ, की समोरून पाहिलं तर ढोलालाच पाय फुटलेत आणि तो फिरायला निघालाय, असं वाटावं.

"चूक! लढाई घरातून जिंकतात! आपले कमांडंटसाहेब कोणाला घाबरतात?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच कोणी बोलेना.

"बाईसाहेबांना! आणि बाईसाहेब पियानोवर चाली बांधतात. यंदा संचलन त्यांच्या चालीवर! मग बघा, कमांडंटसाहेब स्वतः मोठ्या साहेबांचे पाय धरून बँड वाचवतात की नाही!"

संध्याकाळी बँडमास्तर इस्त्रीचा गणवेश चढवून बंगल्यावर हजर झाले.

"माझी चाल? आणि संचलनाला?" बाईसाहेब म्हणाल्या. "छे हो, मी आपली वेळ जावा म्हणून काहीतरी..." वाक्य पुरं व्हायच्या आत त्या पियानोवर बसल्यासुद्धा होत्या.

चाल गोड होती. अगदी झोपाळ्यावर बसून हलकेच झोका घ्यावा, तशी. आणि तिथेच घोटाळा होता. चाल तीन ठोक्यांची होती. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन! बँडमास्तरांना हे दुसऱ्याच ओळीला कळलं. पण बाईसाहेब पियानोवर आणि कमांडंटसाहेब दारात उभे असताना कळलेल्या गोष्टी सैनिकाला कळलेल्या नसतात.

"कशी वाटली?" बाईसाहेबांनी विचारलं.

"पाय आपोआप उचलले जातील, बाईसाहेब!"

किती पाय, ते त्यांनी सांगितलं नाही.

"मास्तर," कमांडंटसाहेब त्यांना फाटकापर्यंत सोडायला आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदाच ही इतकी खूश दिसतेय. एक सूर इकडचा तिकडे झाला, तर मोठ्या साहेबांची वाट पाहणार नाही. बँड मीच मोडीन."

बँडच्या खोलीत तालीम झाली, ती बहारदार झाली. बसून वाजवायचं असतं तोवर कोणतीच चाल पायांना त्रास देत नाही. क्लॅरिनेटवाले डोलले, ट्रम्पेटवाले डोलले, अंगाभोवती अजगरासारखा ट्यूबा गुंडाळून बसलेला गडीसुद्धा डोलला. मग सगळे मैदानावर गेले.

मैदानावर कवायत शिकवणारे उस्ताद वाट पाहत होते. त्यांना सगळे तोफखाना म्हणत. ते कुजबुजले तरी झाडावरचे कावळे उडायचे. त्यांनी चारशे जवान उभे केले आणि हुकूम सोडला. बँड सुरू झाला. "डावा! उजवा! डावा!" तोफखाना ओरडले. पुढचा जोरदार ठोका उजव्या पायावर पडला. तोफखान्यांनी खाली पाहिलं. जवानांनी खाली पाहिलं. चारशे माणसांना आपल्याला पाय किती आहेत, याचाच संशय आला.

"थांब!" तोफखाना तरातरा बँडमास्तरांपाशी आले. "मास्तर, तुमच्या गाण्याला पाय तीन आहेत. माझ्या पोरांना दोनच आहेत. तिसरा भांडारातून मिळतो का?"

"हळू बोला हो! चाल बाईसाहेबांची आहे!"

तोफखान्यांचा चेहरा एकदम शिस्तीत आला. "असं होय? मग सुंदर आहे. पण चालायचं कसं?"

"पोरं चांगली घोटून घ्या ना!"

"काय घोटू? ज्या पोराचा पाय चुकतो, त्यानं लहानशी उडी मारून पाऊल बदलायचं आणि जोरदार ठोका डाव्या पायावर घ्यायचा. हे मी त्यांच्या हाडात भरलंय. झोपेतसुद्धा करतात! आता तुमचा ठोका दर खेपेला पाय बदलणार असेल, तर पोरांनी काय बेडकासारखं जायचं?"

बँडमास्तरांनी आपल्याच दोन पायांकडे पाहिलं. तेव्हा ढोलामागून आवाज आला, "मास्तर, एक बोलू?"

"बोल, काडी."

"वरचे सगळे तीनात वाजवू देत. मी खाली दोनातच हाणतो. जवान ढोलाचंच ऐकतात. बाकीच्यांचं कोण ऐकतंय?"

शेवटचं वाक्य बँडमास्तरांना लागलं. आयुष्यभर काठी फिरवून आपण फौज चालवतो, असा त्यांचा समज होता. पण करून पाहिलं तर काय! वर झोपाळा, खाली धपाधप! चारशे जोड्या बूट एकसाथ पडायला लागले! तोफखान्यांनी तर मास्तरांच्या पाठीत अशी थाप मारली, की मास्तर दोन पावलं पुढे गेले, आणि तीही ठोक्यात.

संचलनाच्या दिवशी मंडपात पहिल्या रांगेत मोठे साहेब उभे. छातीवर एवढी पदकं, की ते वाकले असते तर परत सरळ झाले नसते. शेजारी कमांडंटसाहेब. मागच्या खुर्च्यांवर बाईसाहेब आणि त्यांनी मुद्दाम बोलावलेल्या बारा मैत्रिणी. मंडपाच्या समोर बँड.

बँडमास्तरांनी काठी उंचावली. चाल सुरू झाली, ढोल सुरू झाला, पहिली तुकडी झोकात मैदानात शिरली. मोठ्या साहेबांनी सलामीसाठी हात भुवईला लावला. बँडमास्तरांच्या मनात विचार आला, जमलं! बँड वाचला!

इतक्यात बाईसाहेबांच्या कपाळावर आठी चढली. त्या पुढे वाकून कमांडंटसाहेबांच्या कानात म्हणाल्या, "तो ढोलवाला कुठे भरकटलाय? माझ्या चालीवर नुसत्या लाथा मारतोय! बंद करा त्याला!"

कमांडंटसाहेबांनी बँडमास्तरांकडे पाहिलं. आधी ढोलाकडे बोट केलं, मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावरून आडवं फिरवलं.

आता ढोल थांबवावा, तर चारशे माणसं बेडूक होणार. न थांबवावा, तर ते बोट होतंच. बँडमास्तरांनी विचार केला. म्हणजे सैन्यात जेवढा करतात तेवढा केला. हुकूम पाळला.

"काडी, थांब!"

"मास्तर, पोरं पडतील हो!"

"थांब म्हणतो ना!"

ढोल थांबला. जवानांच्या कानात आता फक्त झोपाळा उरला. एक-दोन-तीन, एक... ठोका उजव्या पायावर! आणि हाडात भरलेली शिस्त जागी झाली. चारशे जवानांनी एका क्षणी, एका उंचीची, सुरेख उडी मारली आणि पाऊल बदललं. एक-दोन-तीन, हुप! एक-दोन-तीन, हुप! चेहरे दगडासारखे, नजर मंडपाकडे, छाती बाहेर, बंदूक खांद्यावर, आणि दर तिसऱ्या ठोक्याला हुप! फौज कसली, लग्नात नाचायला खास शिकवून आणलेले टोळ!

"उडू नका!" तोफखाना गरजले. पण त्यांचे स्वतःचे पाय त्यांचंच शिक्षण घेऊन तयार झाले होते. "उडू... हुप!... नका!"

बाईसाहेबांच्या बारा मैत्रिणी उठून टाळ्या वाजवायला लागल्या. मोठ्या साहेबांचा हात भुवईवरच राहिला. शेवटची तुकडी उड्या मारत निघून गेली तेव्हा कुठे त्यांनी तो खाली घेतला.

"कमांडंट," ते सावकाश म्हणाले, "हे काय होतं?"

कमांडंटसाहेबांनी एकवार बायकोकडे पाहिलं आणि ताठ होऊन म्हणाले, "नवी कवायत, साहेब! आमच्या छावणीनं बसवलीय."

"हं." मोठ्या साहेबांनी रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. त्यांचे मदतनीस हसायचं की रडायचं, याची आज्ञा येईपर्यंत थांबले. "मी पन्नास संचलनं पाहिली. चारशे माणसं एकाच वेळी चालताना पाहिली. पण एकाच वेळी उडताना? कधीच नाही! ही कवायत प्रत्येक छावणीत गेली पाहिजे!"

मदतनिसांना आधीपासूनच तसं वाटत होतं, असं दिसलं.

बँडमास्तरांच्या जिवात जीव आला. मोठे साहेब तर खाली उतरून थेट त्यांच्याकडेच येत होते! त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

"ढोल मधेच बंद करण्याची कल्पना तुमची?"

"हो... म्हणजे... हो, साहेब!" मास्तर म्हणाले. श्रेय दारात आलं असताना हाकलणार कोण?

"मला वाटलं, आता गोंधळ होणार. पण नाही! ढोल नाही, काही नाही, तरी जवान चुकले नाहीत. तुम्हाला दाखवायचं होतं ते मला कळलं. या माणसांना आता बँड लागतच नाही! स्वतःचंच खातं अनावश्यक आहे, हे सिद्ध करून दाखवणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. शाब्बास! कमांडंट, बँड आजपासून बंद."

"जी साहेब!" कमांडंटसाहेब म्हणाले.

"पण माझी चाल?" मागून बाईसाहेब म्हणाल्या.

"ती तर प्रत्येक छावणीत जाणार, मॅडम! ध्वनिमुद्रण करून!"

बाईसाहेबांनी रुमालानं डोळे टिपले. आनंदानं.

मोठे साहेब गाडीत बसले. वादक एकेक करून वाद्यं पेटीत ठेवायला लागले. काडी गळ्यात ढोल अडकवून बँडमास्तरांच्या जवळ आला.

"मास्तर, साहेब शाब्बास म्हणाले ना?"

"म्हणाले."

"मग वाचलो ना आपण?"

"नाही रे. शाब्बास म्हणूनच घालवलं."

पुढे काडी स्वयंपाकघरात मोठी पातेली घासायला गेला, आणि बँडमास्तरांना बुटांचं भांडार मिळालं. तिथे काम भरपूर! नव्या कवायतीत टाचा पटापट उडतात. परवाच तोफखाना आले होते. आता ते नवी कवायत शिकवत छावणी-छावणी फिरतात. छातीला पदक, पायांत फाटके बूट.

"मास्तर, आठ नंबर द्या."

"आठ संपले. सात आहे."

"अहो, सातात माझा पाय कसा मावणार?"

बँडमास्तरांनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि बुटांचा जोड पुढे सरकवला.

"घाला हो. दोन पायांत तीन ठोके मावले, तिथे तुमची बोटं काय घेऊन बसलात!"